नक्कल करणार, रुजवात घेणार

सरकारी कचेरीतून जुन्या कागदाची नक्कल कधी काढली असेल, तर तिच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं तुम्ही पाहिलं असेल. 'नक्कल करणार' आणि त्याच्या शेजारी 'रुजवात घेणार'. दोन वेगळ्या माणसांच्या दोन सह्या. एकाने उतरवून काढायचं, दुसऱ्याने मूळ कागद समोर धरून शब्दन् शब्द ताडून पाहायचा. आपण शिक्का आहे की नाही एवढंच बघतो आणि कागद घडी करून खिशात घालतो. मीही आयुष्यभर तेच केलं. या दोन सह्यांचा विचार मनात आला तो अगदी भलत्याच कारणाने.

यंदा गणपतीला माझा भाचा आला होता. पुण्यात एका कंपनीत संगणकाच्या डेटाबेसचं काम करतो. आरती झाली, प्रसाद झाला, सगळे झोपले, आणि हा आपला ओटीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला. पाणी प्यायला उठलो तेव्हा अडीच वाजले होते. म्हटलं, "अरे, काय चाललंय?" तर म्हणाला, "मामा, जुना सर्व्हर बदलतोय. म्हातारा झालाय बिचारा. महिनाअखेरीला त्याच्या नकला मागे पडतात." 'म्हातारा' शब्द ऐकून मी जरा सावरून बसलो!

त्याच्या बोलण्यातून मला कळलं ते असं. त्यांचा डेटाबेस मायएसक्यूएल नावाच्या प्रणालीवर चालतो, तिची ५.७ ही आवृत्ती. त्या आवृत्तीची देखभाल ऑक्टोबर २०२३ मध्येच बंद झाली, पण चाललंय ते चालू दे म्हणत कंपनीने ढकलत नेलं. आता जायचं ८.४ वर. पण ५.७ वरून एकदम ८.४ वर उडी घेता येत नाही, मध्ये ८.० वर थांबावंच लागतं. पाचवीच्या पोराला थेट सातवीत बसवता येत नाही तसंच! मला ते लगेच पटलं.

मग मी त्याला बरेच दिवस मनात असलेला प्रश्न विचारला. निवृत्तीनंतर मी मराठी विकिपीडियावर थोडंफार लिहितो. आमच्या भागातली गावं, देवळं, जुन्या वाटा. 'जतन करा' म्हटल्यावर ते जातं कुठे? राहतं कुठे? तो म्हणाला, "मामा, याचा मोठा इतिहास आहे, आणि तो सगळा उघडा आहे, वाचा तुम्ही." इतिहास हा शब्द मला उच्चारून दाखवला की संपलंच. पुढचे दोन महिने मी तेच वाचत होतो. इंग्रजी वाचताना शब्दकोश जवळ घ्यावा लागला, भाच्याला फोनवर छळावं लागलं, पण मजा आली.

विकिपीडिया सुरू झाला १५ जानेवारी २००१ रोजी. तेव्हा डेटाबेस वगैरे काही नव्हतं. यूजमॉडविकी नावाचा एक छोटा प्रोग्रॅम होता आणि प्रत्येक लेख म्हणजे एक साधी फाइल. वर्षभरात फायली इतक्या झाल्या की ते पेलवेना. मग जर्मनीत कोलोन विद्यापीठात जीवशास्त्र शिकणाऱ्या माग्नुस मान्स्के या विद्यार्थ्याने नवा प्रोग्रॅम लिहिला, आणि जानेवारी २००२ मध्ये लेख मायएसक्यूएलच्या डेटाबेसमध्ये गेले. त्याच वर्षी जुलैत ली डॅनियल क्रॉकर यांनी तो पुन्हा नव्याने लिहिला. आपला मराठी विकिपीडिया त्यानंतरचा, १ मे २००३ चा. महाराष्ट्र दिनी सुरू झालेला.

२००३ च्या डिसेंबरात ऐन नाताळच्या सुमारास यंत्रं कोलमडली. संस्थापक जिमी वेल्स यांनी लोकांपुढे हात पसरले आणि वर्गणीतून नवी यंत्रं आली. हे वाचताना मला आमच्या शाळेच्या पत्र्यासाठी गावात फिरवलेली पावतीपुस्तकं आठवली. त्या काळच्या सर्व्हरांची नावंही मोठी गोड. प्लिनी, लारूस, सुदा, एरिअल, खल्दून. जगातल्या कोशकारांची, इतिहासकारांची आणि कोशांची नावं यंत्रांना दिलेली. मी वाचलेल्या यादीत केतकर काही सापडले नाहीत. ज्या माणसाने मराठीत ज्ञानकोशाचे तेवीस खंड उभे केले आणि ते खपवायला स्वतः गावोगाव हिंडला, त्याचं नाव एखाद्या यंत्राला शोभलं असतं. असो.

आता मुद्द्याकडे येतो. एकच यंत्र सगळ्या वाचकांना पुरं पडत नाही. वाचणारे हजारो, लिहिणारे थोडे. म्हणून एक मुख्य सर्व्हर ठेवायचा, लिहिलेलं सगळं फक्त तिथे जाईल, आणि त्याच्या चार-सहा नकला ठेवायच्या, वाचणारे त्यांच्याकडे जातील. मुख्य सर्व्हर आपल्याकडे झालेला प्रत्येक बदल एका रोजनाम्यात क्रमाने लिहीत जातो. नकलेचा सर्व्हर तो रोजनामा मागवून घेतो आणि ओळीमागून ओळ तेच बदल आपल्याकडे करतो. यालाच रेप्लिकेशन म्हणतात. मायएसक्यूएलमध्ये ही सोय २००० साली आली. पूर्वी मुख्याला 'मास्टर' आणि नकलेला 'स्लेव्ह', म्हणजे गुलाम, म्हणत. २०२० मध्ये मायएसक्यूएलवाल्यांनी ते शब्द टाकून दिले. बरं केलं.

ऐकायला हे सोपं वाटतं. गोम अशी की मुख्य सर्व्हरवर एकाच वेळी अनेक जण लिहीत असतात. समजा, मुख्य कचेरीत सोळा कारकून बसलेत आणि सोळाही लिहिताहेत. पण नकलेच्या कचेरीत कारकून एकच! मायएसक्यूएलची रचना बरीच वर्षं अशीच होती. नकलेवर बदल उतरवणारा एकच धागा. मग काम वाढलं की नक्कल मागे पडणारच. दोन सेकंद, दहा सेकंद, कधी कित्येक मिनिटं. एकाच्या जागी अनेक कारकून बसवायची सोय मायएसक्यूएलच्या ५.६ आवृत्तीत २०१३ मध्ये आली, तीही वेगवेगळ्या डेटाबेसपुरती, आणि पुढच्या आवृत्त्यांत ती सुधारत गेली. भाच्याचा सर्व्हर महिनाअखेरीला मागे पडतो तो याच दुखण्याने, आणि तो रात्र जागवत होता तो याच औषधासाठी.

हे मागे पडणं मी स्वतः पाहिलं आहे, कळलं मात्र नव्हतं. ज्या पानांवर मी लक्ष ठेवतो त्यांच्या यादीवर कधीतरी सूचना येई, की अमुक सेकंदांतले बदल कदाचित यात दिसणार नाहीत. मला वाटे आमच्याच गावच्या इंटरनेटची कृपा. आता उलगडलं. तिथली नक्कल मागे पडलेली असे आणि ती तसं प्रामाणिकपणे सांगत असे. आणखी एक बारकावा मला फार आवडला. समजा मी एक वाक्य लिहिलं, ते मुख्य सर्व्हरवर गेलं, आणि लगेच पान उघडलं तर वाचायला गेलो नकलेकडे, जिथे ते अजून पोचलंच नाही. मला वाटणार, गेलं वाटतं! मी पुन्हा लिहिणार. म्हणून विकिपीडियाच्या प्रोग्रॅममध्ये अशी सोय आहे की नुकतंच लिहून गेलेल्या माणसाचं लिखाण रोजनाम्यात कुठवर होतं याची खूण ठेवायची आणि तिथवर पोचलेली नक्कलच त्याला दाखवायची. माणसाचा स्वभाव ओळखून केलेली गोष्ट आहे ही.

२००५ हे वर्ष मात्र नकला ठेवणाऱ्यांना धडा देऊन गेलं. जानेवारीत सिएटलमध्ये लाइव्हजर्नल या ब्लॉगांच्या साइटची यंत्रं होती त्या इमारतीची वीज एकाएकी गेली. कुणीतरी आणीबाणीचं बटण दाबलं होतं. पुढच्याच महिन्यात फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे विकिपीडियाच्या यंत्रांची तीच गत झाली. जनित्र होतं, इंधन होतं, पण आतलेच खटके पडल्यावर जनित्र काय करणार? वीज आली, यंत्रं उठली, आणि मुख्य सर्व्हर सुरू करून पाहतात तो डेटाबेस ठिकठिकाणी बिघडलेला. एक नक्कल सुरू केली, तीही बिघडलेली. तेव्हा त्या मंडळींनी फार शहाणपणा केला. उरलेल्या नकलांना लगेच हात लावला नाही. दुरुस्ती करताना मूळ माहिती बदलते, म्हणून आधी जशी आहे तशी उतरवून घेतली आणि मगच दुरुस्तीला बसले. विकिपीडिया आधी नुसता वाचण्यापुरता उघडला, लिहिण्यासाठी नंतर.

बिघडायचं कारण काय? डिस्क खोटं बोलत होत्या. डेटाबेस विचारतो, "लिहिलंस का?" डिस्क म्हणते, "हो, लिहिलं." प्रत्यक्षात ते अजून तिच्या तात्पुरत्या स्मृतीत असतं, तबकडीवर उतरलेलंच नसतं. वीज असेपर्यंत हे खोटं पचतं. गेली की उघडं पडतं. लाइव्हजर्नलच्या ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी त्यानंतर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. डिस्कला लिहायला लावायचं, मध्येच वायर उपटायची, आणि नंतर तिने 'लिहिलं' म्हणून सांगितलेलं खरंच आहे का ते तपासायचं. चाळीस वर्षं गृहपाठ तपासलेल्या माणसाला या युक्तीचं कौतुक वाटलं नाही तरच नवल.

दुसरी एक चूक याहून सूक्ष्म. मायएसक्यूएल आधी रोजनाम्यात बदल लिहायचं ते आज्ञेच्या रूपात. म्हणजे समजा, 'रांगेतल्या पहिल्या पाच मुलांना एकेक वही द्या'. नकलेच्या सर्व्हरने तीच आज्ञा पाळायची. पण तिथे रांग वेगळ्या क्रमाने उभी असली तर? आज्ञा तंतोतंत पाळली, वह्या मात्र दुसऱ्याच पाच मुलांना. कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून २००८ च्या ५.१ आवृत्तीपासून दुसरी पद्धत आली. आज्ञा पाठवायची नाही, कुणाला काय मिळालं ते नावानिशी लिहून पाठवायचं. शिवाय मुख्य सर्व्हर आणि नकला यांच्या नोंदींचे गठ्ठे करून, प्रत्येक गठ्ठ्याची आकडेमोड करून दोन्हीकडची उत्तरं जुळतात का ते पाहायची साधनं आली. भाच्याने हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अरे, ही तर रुजवात!" त्याला तो शब्द ठाऊक नव्हता. आता त्याच्या कचेरीत म्हणे दोघंतिघं तो वापरतात.

२०१३ सालची हकीगत ही खरी रुजवातीची. मायएसक्यूएल २००८ मध्ये सन कंपनीने विकत घेतलं आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या ताब्यात गेली. मायएसक्यूएलचे जनक मॉन्टी विडेनियस यांनी २००९ मध्येच वेगळी चूल मांडली होती. थोरल्या मुलीच्या नावावरून त्यांनी पहिल्याचं नाव ठेवलं होतं, धाकट्या मारियाच्या नावावरून या नव्याचं नाव मारियाडीबी. विकिपीडिया आधी ४.० ही जुनीच आवृत्ती स्वतः ठिगळं लावून बरीच वर्षं वापरत होता, नंतर ५.१ ची फेसबुकने सुधारलेली आवृत्ती. एप्रिल २०१३ मध्ये इंग्रजी आणि जर्मन विकिपीडिया मारियाडीबी ५.५ वर गेले. ते कसे गेले, हे अ‍ॅशर फेल्डमन यांनी लिहून ठेवलं आहे. मुख्य सर्व्हरला आधी हात लावायचा नाही. एक नक्कल काढायची, तिच्यावर नवी आवृत्ती चढवायची, तिला रोजनामा वाचत वाचत बरोबरीला येऊ द्यायचं. जुन्याचा रोजनामा नव्याला वाचता येतो, उलट होईलच असं नाही. आमच्या आजोबांचं मोडी माझ्या वडिलांना वाचता येई, वडिलांचं शाळेतलं इंग्रजी आजोबांना नाही, तसं काहीसं. मग प्रत्यक्षातले प्रश्न जुन्या आणि नव्या दोघांना विचारायचे आणि उत्तरं ताडून पाहायची. सरासरीने नवा सुमारे ८ टक्के वेगवान निघाला. काही प्रश्नांना १० ते १५ टक्के वेगवान, काहींना ३ टक्के मंद. मंद निघालेलंही त्यांनी लिहिलंय, याचं मला विशेष वाटलं. एकेक करत सगळ्या नकला बदलल्या, आणि सर्वांत शेवटी त्यांतल्याच एकीला मुख्य केलं.

२०१६ पासून तर ते पूर्ण कारभारच व्हर्जिनियातून टेक्सासला आणि परत असा हलवून पाहतात, नकला खरोखर उभ्या राहतात का हे कळावं म्हणून. तेवढा वेळ विकिपीडियावर लिहिता येत नाही. पहिल्या वेळी बराच वेळ गेला होता. २०२१ मध्ये दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

आपल्या देवनागरीबद्दलही एक गंमत सांगायची राहिली. मायएसक्यूएलच्या त्या ४.० आवृत्तीला युनिकोड मुळी कळतच नव्हतं. 'क' हे अक्षर युनिकोडच्या रूढ लेखनात तीन बाइटांचं. तो सर्व्हर ते तीन बाइट निमूट ठेवून घ्यायचा आणि मागितले की निमूट परत द्यायचा. अक्षर कसलं, भाषा कुठली, त्याला गंध नाही. आणि म्हणूनच त्याच्या हातून ते बिघडतही नव्हतं. ज्याला वाचता येत नाही त्याला चुकीचं वाचताही येत नाही.

मला वाचता येत होतं.

१९७४ मध्ये मी शाळेत लागलो. १९७६ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी बोलावलं. शाळेच्या जनरल रजिस्टरला वाळवी लागली होती. अक्षर चांगलं म्हणून नवं रजिस्टर उतरवून काढायचं काम माझ्याकडे. सहाशेच्या आसपास नावं. आधीच्या गुरुजींचं अक्षर बारीक, शाई उडालेली. दुपारच्या उकाड्यात मी पंधरा दिवस बसलो. सर गावी लग्नाला निघाले होते. शेवटच्या पानावर त्यांनी सही केली, ताडून कुणीच पाहिलं नाही. त्यांना वेळ नव्हता आणि मला माझ्या अक्षराचा अभिमान होता. जुनं रजिस्टर वाळवी पसरू नये म्हणून शिपायाने जाळलं.

१९८२ साली आमचा एक विद्यार्थी आईला घेऊन कचेरीत आला. सातवीत असताना त्याचं नाव मी नव्या रजिस्टरात उतरवलं होतं. एका भरतीत वय जास्त भरलं म्हणून त्याला परत पाठवलं होतं. दाखल्यावर जन्मसाल १९६२. आई सांगत होती, "पानशेत फुटलं त्याच्या दोन वर्षांनी झालाय ह्यो, आषाढात." पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला. म्हणजे १९६३. आमच्या लेखनिकाने रजिस्टर काढलं, १९६२. शाळा सोडल्याचा दाखला, १९६२. बोर्डाचं प्रमाणपत्र, १९६२. तो म्हणाला, "बाई, तीन कागद एकच सांगतायत." नियमाने त्याचं बरोबर होतं. पण ते तीन कागद नव्हते, तो एकच कागद तीन वेळा होता. मी पलीकडच्या टेबलावर पेपर तपासत होतो. आधीच्या गुरुजींचा ३ मला आठवला. खालची शेपटी ते आखूड काढत, २ सारखीच. मी मान वर केली नाही.

भाच्याला मी हे त्या रात्री सांगितलं. चार वाजले असतील. त्याची नवी नक्कल तोवर बरोबरीला आली होती आणि तो एकेका तक्त्याची आकडेमोड जुळवत होता. ऐकून घेतलं, थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, आमच्याकडेही मुख्य सर्व्हरवरच चूक झाली की ती क्षणात सगळ्या नकलांवर जाते. नक्कल जितकी चांगली तितकी लवकर जाते. त्याला रेप्लिकेशनचा उपयोग नाही. जुना बॅकअप असला तरच." माझा जुना बॅकअप शिपायाने जाळला होता.

तो विद्यार्थी पुढे एका नगरपालिकेत लागला. कागदावरच्या ५८ व्या वर्षी, २०२० मध्ये निवृत्त झाला. खरं म्हणजे २०२१ मध्ये व्हायचा. बाजारात भेटला की अजून पाया पडतो, पिशवी हातातून घेतो. "सर, तुमचं अक्षर काय होतं हो!" असं चारचौघांत सांगतो. गेल्या आठवड्यात मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला घरी आला होता. चहा घेतला, तासभर बसला. कपाटातून मी माझी जुनी डायरी काढूनही ठेवली होती, त्या सुट्टीतल्या नोंदी आहेत तिच्यात. मग त्याला फोन आला, अजून चाळीस पत्रिका वाटायच्या होत्या. डायरी टेबलावरच आहे. लग्न मे महिन्यात आहे.